दुर्बिणीतून आतडे वाचताना: आयबीडीच्या नव्या रुग्णांसाठी

पिंपळाचे पान पुस्तकात ठेवून काही महिन्यांनी काढले की हिरवेपण झडलेले असते आणि नुसती जाळी उरते. निरोगी मोठ्या आतड्याचे अस्तर पडद्यावर पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला तेच पान आठवले. फिकट गुलाबी, ओलसर चकाकणारी भिंत आणि तिच्यावर फांदीला फांदी फुटत बारीक होत गेलेल्या रक्तवाहिन्या. एंडोस्कोपीच्या खोलीत नर्स म्हणून मी वीसेक वर्षे काढली. नवी मुलगी कामाला आली की पहिल्या दिवशी तिला एवढेच सांगायचे: जाळी शोध. जाळी स्पष्ट दिसली तर बरे, पुसट झाली तर सूज, दिसेनाशी झाली तर सूज जास्त.

हे लिहिते आहे ते मात्र त्या मुलींसाठी नाही. नुकतेच कागदावर 'अल्सरेटिव्ह कोलायटिस' किंवा 'क्रोन्स' असे काहीतरी लिहून मिळालेले, दुर्बिणीची तारीख खिशात घालून डिचोली-पेडण्याला परत निघालेले आणि बसमध्ये मोबाईलवर नको ते वाचत बसलेले जे लोक असतात, त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे. औषध कोणते, किती, कधी थांबवायचे हे तुमचे डॉक्टर ठरवतील. दुर्बीण (म्हणजे कोलोनोस्कोपी, खालून आत सरकवायची कॅमेऱ्याची नळी) आत काय पाहते आणि तिला ते नीट दिसावे म्हणून तुम्ही काय करायचे, एवढेच मी सांगणार.

१. आधी दोन आजारांची ओळख

आयबीडी म्हणजे आतड्याचा वर्षानुवर्षे चालणारा दाह. आयबीएस, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, वेगळा. नावात एका अक्षराचा फरक, पण आयबीएसमध्ये अस्तरावर सूज किंवा जखम नसते. या दोन शब्दांची गल्लत करून महिनोन्महिने भलतेच पथ्य पाळणारी माणसे मी पाहिली आहेत.

आयबीडीचे मुख्य प्रकार दोन. अल्सरेटिव्ह कोलायटिस, ज्याला आम्ही थोडक्यात यूसी म्हणतो, तो खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या शेतात, शिरणाऱ्या भरतीसारखा. गुदाशयापासून सुरू होतो आणि मध्ये कोरडी जागा न सोडता वर चढत जातो. कोणाच्या बाबतीत वीतभर चढून थांबतो, कोणाचे अख्खे मोठे आतडे व्यापतो, पण त्याचा मुक्काम मोठ्या आतड्यातच आणि तोही मुख्यतः भिंतीच्या आतल्या अस्तरात. क्रोन्स पावसाळ्यातल्या रस्त्यासारखा: इथे खड्डा, पुढे चार हात चांगला रस्ता, मग पुन्हा खड्डा. तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो, भिंतीच्या पूर्ण जाडीत उतरतो आणि लहान आतड्याचा शेवटचा भाग त्याला विशेष आवडतो. न्यूयॉर्कच्या क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर या तीन डॉक्टरांनी १९३२ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. नाव मात्र एकट्या क्रोनचे राहिले.

भरतीच्या नियमाला दोन अपवाद आहेत आणि नवख्या डोळ्याला ते फसवतात. गुदाशयात एनिमा किंवा सपोझिटरी (खालून ठेवायची गोळी) घेणाऱ्या यूसीच्या रुग्णाचा खालचा भाग औषधाने बरा दिसतो आणि वर मात्र सूज असते. दुसरे म्हणजे डाव्या बाजूच्या यूसीत कधीकधी पार उजवीकडे, अपेंडिक्सच्या तोंडाजवळ, सुजेचा एकच ठिपका सापडतो. दोन्ही वेळा पाहणाऱ्याला क्रोन्स वाटू शकतो. म्हणून खालून कोणते औषध घेत असाल तर ते तपासणीआधी आठवणीने सांगा. लाजेपायी हे लपवले जाते.

२. तारीख घ्यायच्या आधी

रक्त पडले की 'मूळव्याध असेल' म्हणून औषधाच्या दुकानातून मलम आणणे ही आपली जुनी रीत. रक्तासोबत आव पडत असेल, रात्री झोपेतून उठून संडासला जावे लागत असेल, वजन उतरत असेल, तर मलमावर दिवस काढू नका.

दुर्बिणीआधी शौचाची तपासणी करतात. जंतू किंवा अमीबा आहे का हे पाहायला हवेच, कारण अमीबाही आतड्यात जखमा करतो आणि दिसायला यूसीसारखा दिसू शकतो. दुसरी चाचणी फीकल कॅलप्रोटेक्टिन. आतड्यात सूज असली की पांढऱ्या पेशींमधले हे प्रथिन शौचात उतरते. साधारणपणे आकडा ५० च्या आत असेल तर सुजेची शक्यता कमी. २५० च्या वर गेला की डॉक्टर आत डोकावण्याचा विचार करतात. मधले आकडे काथ्याकूट करायला लावणारे. दुखण्याच्या गोळ्यांनीही हा आकडा वाढतो.

या गोळ्यांचे प्रकरण वेगळे सांगायला हवे. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गोळ्या आतड्यात लहान जखमा करतात आणि त्या जखमा क्रोन्ससारख्या दिसतात. गुडघ्यासाठी, कंबरेसाठी शेजारणीने दिलेली गोळीसुद्धा यादीत लिहा. त्याच यादीत रक्त पातळ करणारी औषधे, मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन, मूत्रपिंडाचा आजार आणि लोहाच्या गोळ्या. लोहाने शौच काळी आणि चिकट होते, भिंतीवर डांबरासारखी बसते. म्हणून ती पाच ते सात दिवस आधी थांबवायला सांगतात. बाकीची औषधे स्वतःच्या मनाने बंद करू नका.

३. पोट साफ करणे: खरी परीक्षा इथेच

लोकांना भीती दुर्बिणीची असते. तपासणी वाया जाते ती मात्र तयारी अपुरी राहिल्यामुळे. जाळीसारखी बारीक गोष्ट पाहायची आहे. भिंतीवर पातळ थर उरला तरी ती झाकली जाते.

दोन-तीन दिवस आधीपासून चोथा आणि बिया बंद. आपल्या ताटाच्या हिशेबात सांगते: तांबडी भाजी नको, अळसांदे नकोत, खतखते नको, पेरू, टोमॅटो, काकडी नको. तांबड्या भाजीचे तर रंग आणि चोथा असे दोन्ही गुन्हे. पांढरा भात, पाव, अंडे, मासळीचे साधे तिखल चालते, पण त्यातली कोकमे बाजूला काढा. सोलकढीही बंद. कोकमाचा लाल रंग आतड्यात साचलेल्या पाण्याला चढला की पडद्यावर रक्त आहे की कढी, हा प्रश्न पडतो. हसू नका, आम्हाला पडलेला आहे.

आदल्या दिवशी फक्त निवळ पदार्थ. निवळ म्हणजे पेल्याचा तळ दिसला पाहिजे. शहाळ्याचे पाणी, गाळलेले लिंबूपाणी, दुधाशिवाय चहा-कॉफी, गाळलेले सूप. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर शहाळे विचारल्याशिवाय पिऊ नका, त्यात पोटॅशियम भरपूर असते. 'सिस्टर, पेज तर पातळच!' असे म्हणणारे रोज भेटतात. पातळ असली तरी पेजेचा तळ दिसत नाही, त्यामुळे डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेनंतर तीही बंद.

मग जुलाबाचे औषध. बहुतेक ठिकाणी पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर देतात, पीईजी म्हणतात तिला. ती साधारण २ लिटर पाण्यात विरघळवतात, प्रमाण पाकिटावर असते. सोडियम फॉस्फेटचे औषध स्वतःच अस्तरावर बारीक व्रण उठवू शकते, म्हणून आयबीडीचा संशय असताना सहसा टाळतात. पावडर दोन हप्त्यांत पिणे सर्वांत चांगले: निम्मी आदल्या संध्याकाळी, उरलेली तपासणीच्या चार ते सहा तास आधी सुरू करून दोन तास आधी संपवायची. सगळी आदल्या रात्रीच पिऊन टाकली तर सकाळपर्यंत लहान आतड्यातून पित्ताचा पिवळा चिकटा खाली उतरतो आणि उजवी बाजू झाकली जाते.

आता गोव्यातली अडचण. काणकोणहून किंवा सत्तरीच्या आतल्या गावातून बांबोळीच्या मोठ्या सरकारी इस्पितळात सकाळी आठला पोचायचे असेल तर दुसरा हप्ता पहाटे तीनला घेऊन कदंब बसमध्ये बसणे हा जुगार आहे. तारीख घेतानाच लांबून येतो हे सांगा आणि दुपारची वेळ मिळते का ते विचारा. नाहीतर शहराजवळच्या नातेवाइकांकडे आदल्या रात्री मुक्काम करा, मात्र त्यांच्याकडे एकापेक्षा जास्त संडास आहेत का ते आधी पाहून. पावडरीच्या पाण्याची चव खारट, कंटाळवाणी. गार करून, लिंबू पिळून, दर दहा-पंधरा मिनिटांनी एक पेला घेतला की जाते. उलटी झाली तर अर्धा तास थांबा आणि पुन्हा सुरू करा.

झाले की नाही हे कसे ओळखायचे? शेवटची शौच पिवळसर आणि पारदर्शक हवी. गढूळ किंवा तपकिरी असेल तर खोलीत शिरण्याआधी सांगा. अहवालात बोस्टन स्केल म्हणून आकडा असतो तो याचाच: मोठ्या आतड्याच्या तीन भागांना प्रत्येकी ० ते ३ गुण, एकूण ९. प्रत्येक भागाला किमान २ मिळाले तर तयारी पास.

एक गोष्ट मात्र इथेच सांगते. दिवसाला सहा किंवा जास्त वेळा रक्ताची शौच आणि सोबत ताप किंवा जलद नाडी असेल तर पावडर पीत बसायचे नाही, इस्पितळ गाठायचे. अशा वेळी पूर्ण कोलोनोस्कोपी धोक्याची असते. फक्त खालचा भाग, हलक्या हाताने, बहुधा जुलाबाशिवाय पाहतात.

४. टेबलावर

या भागाचे लोक फार मनाला लावून घेतात, पण सांगण्यासारखे थोडेच आहे. डाव्या कुशीवर झोपायचे, शिरेतून गुंगीचे औषध, बोटाएवढी जाड नळी, वेळ साधारण अर्धा तास. आतडे उघडायला हवा किंवा कार्बन डायऑक्साइड भरतात, त्यामुळे पोट फुगल्यासारखे वाटते. आतड्याला छिद्र पडणे हा क्वचित पण खरा धोका आहे आणि संमतीपत्रावर तो लिहिलेला असतो. सही करण्याआधी वाचा आणि विचारा. सोबत कोणीतरी हवेच. गुंगीनंतर त्या दिवशी स्कूटर चालवायची नाही, पायलटच्या (भाड्याच्या मोटरसायकलवाल्याच्या) मागे बसूनही जायचे नाही.

५. पडद्यावर काय पाहतात

इथे जरा थांबू.

यूसीमध्ये डॉक्टर मेयो गुण देतात, ० ते ३. शून्य म्हणजे अस्तर नेहमीसारखे किंवा आजार शांत. एक म्हणजे लाली आणि जाळी पुसट. दोन म्हणजे ठळक लाली, जाळी नाहीशी, अस्तर इतके नाजूक की नळीचा स्पर्श झाला तरी रक्त येते, वर ओरखडल्यासारख्या उथळ जखमा. तीन म्हणजे कोणी हात न लावता रक्त पाझरते आहे आणि व्रण पडले आहेत. दुसरे माप आहे यूसीईआयएस. त्यात जाळीला ० ते २, रक्तस्रावाला ० ते ३ आणि जखमांना ० ते ३, एकूण ८ पर्यंत. सर्वांत वाईट दिसणारा भाग धरून हे गुण देतात. मला हे दुसरे माप जास्त पटते, कारण तीन गोष्टी तीन वेगळ्या आकड्यांत सांगाव्या लागतात आणि 'थोडीशी सूज' असे मोघम लिहून सुटता येत नाही.

क्रोन्सचे चित्र निराळे. सुरुवातीला तोंड आल्यावर ओठाच्या आत दिसतात तसे पांढरट, लाल कडेचे बारीक व्रण असतात, पाच मिलिमीटरपर्यंतचे. पुढे ते आतड्याच्या लांबीच्या दिशेने ओढलेले खोल चर होतात आणि चरांच्या मधले सुजलेले अस्तर वर येते. जुन्या पणजीतल्या गोटे बसवलेल्या वाटेसारखे ते दिसते. याचे माप एसईएस-सीडी: पाच भागांत व्रण केवढे, किती जागेत, सूज किती जागेत आणि नळी अरुंद झाली आहे का, अशा चार प्रश्नांना प्रत्येकी ० ते ३.

क्रोन्सचा संशय असेल तर नळी लहान आतड्याच्या शेवटच्या टोकात शिरायलाच हवी. अहवालात 'टर्मिनल आयलियम' हा शब्द शोधा. तिथे गेले नाहीत तर का गेले नाहीत तेही लिहिलेले असते. तरुण मुलांच्या या भागात बारीक गाठी-गाठी दिसतात. ते बहुतेक वेळा लसिका पेशींचे नेहमीचेच पुंजके असतात, आजार नव्हे. फोटो पाहून घाबरलेली आई मी एकदा तासभर समजावत बसले होते.

मधेच पडदा निळा-हिरवा होतो तेव्हा मशीन बिघडलेले नसते. नॅरो बँड इमेजिंगमध्ये ४१५ आणि ५४० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा आणि हिरवा प्रकाश वापरतात. रक्तातले हिमोग्लोबिन तो शोषते, त्यामुळे रक्तवाहिन्या गडद उठून दिसतात. तीच जाळी, शाईने गिरवल्यासारखी. कधी इंडिगो कार्माइन किंवा मिथिलीन ब्लूचा निळा रंग अस्तरावर फवारतात. खाचाखोचांत रंग साचला की सपाट दिसणारा संशयास्पद उंचवटा उघडा पडतो.

६. तुकडे

'सिस्टर, तुकडो काडलो? म्हणजे तें...?' आणि पुढचा शब्द कोणी उच्चारत नाही. तर आधीच सांगते. आयबीडीत तुकडे घेणे हा नेम आहे, कॅन्सरचा निकाल नव्हे. पहिल्या तपासणीत लहान आतड्याचे टोक, मोठ्या आतड्याचे वेगवेगळे भाग आणि गुदाशय अशा ठिकाणांहून किमान दोन-दोन तुकडे घेतात, चांगल्या दिसणाऱ्या जागेतूनही. दाण्याएवढाही नसतो एकेक, आणि अस्तराला ते दुखत नाही.

जिथला तुकडा, त्याची बाटली वेगळी. सुरुवातीच्या वर्षांत मी एका छोट्या दवाखान्यात होते. तिथे एका घाईच्या दुपारी सगळे तुकडे एकाच बाटलीत गेले. बाटली पुढे करणारी मीच होते. पॅथॉलॉजीचे उत्तर आले: दाह आहे, कुठे आहे सांगता येत नाही. त्या बाईंना पुन्हा पावडर प्यावी लागली. तेव्हापासून बाटल्यांवर नाव, भाग आणि क्रमांक आधी लिहून रांगेत ठेवल्याशिवाय मी तपासणीसाठी खोलीतला दिवा बंद करू दिला नाही. नातेवाइकांनी प्रयोगशाळेत बाटल्या स्वतः पोचवायच्या असतील तर किती आहेत ते मोजून घ्या.

७. टीबी की क्रोन्स?

परदेशी माहितीपत्रकांत हा प्रश्न जेमतेम एका ओळीत असतो; आपल्याकडे तो सर्वांत अवघड. आतड्याच्या टीबीलाही तीच जागा आवडते, लहान आणि मोठे आतडे मिळतात तो कोपरा. टीबीचे व्रण बहुधा आडवे, कमरपट्ट्यासारखे गोल फिरणारे, आणि दोन आतड्यांमधली झडप वासलेल्या तोंडासारखी उघडी. क्रोन्सचे व्रण उभे, मध्ये चांगली जागा सोडणारे, गुदद्वाराजवळ भगेंद्रासारखा त्रास असण्याची शक्यता जास्त. पण पुस्तकातले चित्र आणि समोरचे आतडे नेहमी जुळतेच असे नाही.

म्हणून इथे काही तुकडे फॉर्मेलिनमध्ये (तुकडा टिकवणाऱ्या द्रावणात) न टाकता सलाइनमध्ये ठेवतात. फॉर्मेलिनमध्ये जंतू मरतो आणि मग कल्चर, म्हणजे जंतू वाढवून पाहणे, होत नाही. सलाइनमधल्या तुकड्यांची सीबीनॅट (टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारी) आणि कल्चर तपासणी होते. एवढे करूनही उत्तर मिळाले नाही तर डॉक्टर कधीकधी टीबीचे औषध सुरू करतात आणि काही आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण घालून व्रण भरले का ते पाहतात. नुसते बरे वाटणे इथे पुरत नाही; व्रण भरले तर टीबी, तसेच राहिले तर क्रोन्सचा विचार. लोक यावर चिडतात, 'डॉक्टरांना कळत नाही' म्हणतात. उलट केले तर काय होते ते पाहा: टीबी असताना क्रोन्स समजून स्टेरॉइड दिले तर टीबी पसरू शकतो. प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या बायोलॉजिक इंजेक्शनांआधी छातीचा एक्स-रे आणि लपलेल्या टीबीची चाचणी करतात तीही याच धास्तीने.

८. नळी पोचत नाही तिथे

लहान आतडे साधारण वीस फूट लांब. कोलोनोस्कोप त्याच्या उंबऱ्यावरच थांबतो. पुढचे पाहायला गिळायची कॅप्सूल असते, पण क्रोन्सने आतडे अरुंद झाले असेल तर ती अडकते. म्हणून आधी एमआर एंटरोग्राफी (लहान आतड्याचा एमआरआय) करतात किंवा विरघळणारी चाचणी-कॅप्सूल देतात. जेवल्यावर पोट फुगून कळा येतात का, हे डॉक्टरांना न विचारताही सांगा.

९. अहवाल हातात आल्यावर

घरी गेल्यावर पोट दगडासारखे कडक झाले, ताप आला, वेदना वाढत गेली किंवा रक्त थांबेना, तर सकाळची वाट न पाहता इस्पितळात जा. थोडा वारा सरणे, एखाद-दोन ठिपके रक्त, हे चालते.

अहवालात चार गोष्टी शोधा: तयारीचा गुण, नळी कुठपर्यंत गेली, मेयो किंवा एसईएस-सीडीचा आकडा, आणि तुकडे कुठून घेतले. फोटो रंगीत मागून घ्या. काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये लाली आणि जाळी दोन्ही हरवतात. तुकड्यांचा निकाल काही दिवसांनी वेगळा येतो. तो आणायला विसरणारे कितीतरी जण असतात.

औषध सुरू झाल्यावर काही महिन्यांनी पुन्हा पाहायचे म्हटले की पहिला आक्षेप ठरलेला: 'आता तर बरे वाटते.' वाटते, मान्य. पण रक्त थांबलेल्या, दोन वेळा साधी शौच होणाऱ्या माणसाच्या आत मेयो दोनचे अस्तर मी स्वतः पाहिले आहे. अस्तर भरून आलेल्या रुग्णांना पुढे आजार उसळण्याचा आणि शस्त्रक्रियेचा धोका कमी असतो, म्हणून आजकाल उपचारांचे लक्ष्य जाळी परत दिसणे हेच धरतात. दरवेळी दुर्बीणच लागते असेही नाही. मधल्या काळात कॅलप्रोटेक्टिनवर नजर ठेवता येते.

आजार सुरू होऊन आठ वर्षे झाली की हिशेब बदलतो. सूज गुदाशयाच्या पलीकडे पसरलेली असेल तर कॅन्सरपूर्व बदल शोधण्यासाठी ठरावीक काळाने तपासणी सुरू होते. निळा रंग फवारण्याचे काम जास्त होते ते याच टप्प्यावर. यकृताच्या पित्तनलिकांचा पीएससी हा आजार सोबत असेल तर आठ वर्षे थांबत नाहीत, निदानापासून दरवर्षी पाहतात. अशी तपासणी आजार शांत असतानाच घ्यावी. सुजलेल्या अस्तरात बारीक बदल ओळखू येत नाहीत.

सगळे कागद एका फाइलमध्ये, तारखेप्रमाणे, जुना खाली नवा वर. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड असेल तर ते फाइलच्या पहिल्या कप्प्यात, आणि काय त्यात बसते ते तपासणीच्या दिवशी नव्हे, तारीख घेतानाच काउंटरवर विचारा. तारीख स्वतः निवडायची मुभा मिळाली तर चतुर्थीचा आठवडा तेवढा सोडा. समोर नेवऱ्यांचे ताट असताना काळ्या चहावर दिवस काढलेला रुग्ण मला अजून भेटायचा आहे.